यलोस्टोन, युटा, रॉकीज: गाडीनं केलेल्या लांबच्या उन्हाळी सहलींचे तुमचे अनुभव सांगा

पुढच्या जूनमध्ये आईबाबा येतायत. बाबा ७१, आई ६६. डेन्व्हरला गाडी घ्यायची आणि तीन आठवड्यांत रॉकी माउंटन, ग्रँड टीटन, यलोस्टोन करत खाली युटात उतरायचं, असा बेत आहे. काय बघायचं याच्या याद्या माझ्याकडे ढिगानं आहेत, त्या नकोत. तुमच्या गाडीत काय घडलं ते हवंय. कुठे फसलात, कोणाचं काय दुखलं, रात्री नऊला जेवायला काय मिळालं किंवा नाही मिळालं.

सुरुवात मीच करते, कारण मी फसलेली आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं यलोस्टोनला गेलो. आतलं हॉटेल मिळालं नाही म्हणून बाहेरच्या कोडी गावात राहिलो, 'जवळच तर आहे' म्हणत. नकाशावर ते बोटाच्या पेराएवढं अंतर होतं. प्रत्यक्षात पार्कचा पूर्वेचा दरवाजाच पन्नासेक मैलांवर, आणि तिथून ओल्ड फेथफुल, म्हणजे ते ठरावीक वेळानं उडणारं गरम पाण्याचं कारंजं, आणखी दोन तास. पार्कचं क्षेत्रफळ सुमारे ८,९८० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाणे जिल्ह्याहून थोडंसंच कमी. हे मला नंतर कळलं. आम्ही पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा कारंजं संपून लोक परत फिरत होते. पुढचं दीड तासानं. त्या दीड तासात आम्ही कडाक्याचं भांडलो, तेही लिहून टाकते.

आता तुम्ही.

फोर्ट कॉलिन्सहून

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. २९ वर्षं, त्यातली बरीचशी चिपळूण-कऱ्हाड, म्हणजे कुंभार्ली घाट. २०१९ मध्ये आले तेव्हा त्यांना घाट दाखवायचा असं मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

आधी पाइक्स पीक. १४,११५ फूट, माथ्यापर्यंत गाडी जाते. चढताना बाबा खूश होते. उतरताना मी आपला ब्रेकवर पाय ठेवून निवांत. बाबांनी विचारलं, "चढताना कुठल्या गिअरात होतास?" म्हटलं, ऑटोमॅटिक आहे. "म्हणजे तुला ठाऊक नाही." अर्ध्या वाटेवर तिथले कर्मचारी खाली येणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचं तापमान मोजतात. आमचे तापलेले निघाले. गाडी बाजूला घ्यायला लावली, थंड होईस्तोवर थांबा म्हणाले, आणि लो गिअर वापरा म्हणून बजावलं. बाबांना इंग्रजी येत नाही, पण एवढे दोन शब्द बरोबर कळले. चढाला जो गिअर, तोच उताराला, हे मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं होतं. अमेरिकेत येऊन बारा वर्षांत विसरलो.

तिथून तीन दिवसांनी मिलियन डॉलर हायवे. युरे ते सिल्व्हरटन, जेमतेम पंचवीस मैल, मध्ये ११,०१८ फुटांवर रेड माउंटन पास. युरेहून निघालं की दरीची बाजू आपल्याच लेनला येते आणि कठडा नसतो. पांढरी पट्टी, मग वीतभर डांबर, मग काही नाही. पाच मिनिटं बाबा गप्प होते. मग म्हणाले, "कठडा काय चोरीला गेला?" मी सांगितलं की हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाड्या बर्फ दरीत लोटतात, कठडा घातला तर लोटणार कुठे. हे त्यांना इतकं पटलं की पुढे सिल्व्हरटन येईपर्यंत त्यांच्या डोक्यात तो बर्फगाडीचा ड्रायव्हरच होता. पगार किती असेल, एकटाच असतो की सोबत कोणी, रात्रपाळी करतो का, वळणावर पुढचं दिसतं कसं. लाल, केशरी डोंगराचे फोटो मी काढले. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांचं लक्ष रस्त्यावर.

आणि हॉर्न! प्रत्येक आंधळ्या वळणाला त्यांचा हात स्टिअरिंगकडे यायचा. "दे." बाबा, इथे नाही देत कोणी. "मग समोरच्याला कळतं कसं?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

उंचीची भीती वाटणारं कोणी बरोबर असेल तर उलटं या, सिल्व्हरटनहून युरेला. डोंगराची बाजू मिळते.

सॅन होजेहून

वरच्या काकांना दंडवत.

आमचं २०१६ चं, योसेमिटीतलं ट्वालमी मेडोज. उंची साधारण ८,६०० फूट. सासूबाईंनी कुकर आणलाच पाहिजे असा हट्ट धरला होता आणि मी नाक मुरडलं होतं. तर तिथे पाणी ९१-९२ अंशालाच उकळतं. शेजारच्या तंबूतल्या मुलांचा राजमा तीन तास शिजत होता आणि खाताना कडाकडा वाजत होता. आमची खिचडी पाच शिट्ट्यांत तयार. फक्त पहिली शिट्टी झाली तेव्हा पलीकडचे एक आजोबा हातात टॉर्च घेऊन धावत आले, त्यांना वाटलं अस्वल आल्याचा इशारा आहे. त्यांनाही खिचडी दिली.

अस्वलावरून आठवलं. वास येणारी प्रत्येक वस्तू गाडीतून काढून लोखंडी पेटीत ठेवायची असते, नुसतं खाणं नाही. रेंजर बाई समजावून गेल्या आणि सासूबाई एकेक बाहेर काढायला लागल्या: मेतकूट, लसणाची चटणी, हिंगाची डबी, खोबरेल तेल, बाम, उदबत्तीचा पुडा, नवऱ्याचं आफ्टरशेव्ह. पेटी भरली. मग त्या मला म्हणाल्या, "आणि आपण? आपल्याला नाही का वास येत?"

सॉल्ट लेक सिटीहून

२१ ऑगस्ट २०१७ चं खग्रास ग्रहण किती जणांना आठवतंय? खग्रासचा पट्टा ओरेगन, आयडाहो, वायोमिंग असा जात होता. आम्ही आईला घेऊन आयडाहोत रेक्सबर्गला गेलो. आदल्या रात्री निघालो, मोटेल वगैरे विसरा, शेतकऱ्यानं शेतात गाड्या लावायला जागा दिली होती, पैसे घेऊन.

आईचे वेध रात्रीपासून सुरू. खाणं बंद. बरोबरच्या डब्यात घरून आणलेली वाळकी तुळशीची पानं घातली. पहाटे मला म्हणाली, तुम्ही बघा, मी गाडीत जप करत बसते, ग्रहण बघायचं नसतं. मी वाद घातला नाही. साडेअकराच्या सुमारास उजेड विचित्र झाला, कसा ते सांगता येत नाही, संध्याकाळचा पिवळा नव्हे, पितळेच्या जुन्या भांड्यासारखा. गार वारा सुटला. आणि अंधार. सगळं शेत ओरडायला लागलं. मी मागे वळून बघितलं तर आई गाडीबाहेर, चष्मा न लावता (त्या दोन मिनिटांत चालतं, आधी-नंतर अजिबात नाही), हात जोडून, तोंड वर. काही बोलली नाही. सूर्याची कड परत चमकली तशी मान खाली घालून म्हणाली, "आंघोळ कुठे करायची?"

बहुतेक गर्दी दक्षिणेला परतत होती, आम्ही उत्तरेला वेस्ट यलोस्टोनला गेलो म्हणून वाचलो. मोटेलवर आईची आंघोळ, मग साबुदाण्याचे वडे, मग पार्कात. हेडन व्हॅलीत रस्त्याच्या मधोमध एक भलाथोरला बायसन उभा. मागे वीस गाड्या. नियम २५ यार्ड लांब राहण्याचा आहे, तो बायसनला माहीत नसतो, तो आमच्या आरशाला घासून गेला. केवढं ते डोकं, केवढा तो श्वास. आई काच बंद ठेवून त्याला बघत होती. मग एकदम म्हणाली, "अरे, आज पोळा ना?"

श्रावणी अमावास्या होतीच, त्याशिवाय ग्रहण कसं लागणार. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या गावाकडे त्या वेळी बैलांना पुरणपोळी भरवणं आटोपलं असेल. आईनं आतूनच नमस्कार केला.

लास व्हेगसहून

थोडक्यात. जुलै महिना, डेथ व्हॅली, सासरे चंद्रपूरचे. "सत्तेचाळीस पाह्यलं आहे आम्ही, तुमच्या डेथ व्हॅलीचं काय घेऊन बसला." फर्नेस क्रीकला ५१ होतं. (१९१३ मध्ये तिथे ५६.७ नोंदलं गेलंय.) बॅडवॉटरला, म्हणजे समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, डोक्याला उपरणं बांधून उतरले. मिठावर दोनशे पावलं गेले, थांबले, वळले, आले. एसीसमोर तोंड धरून दहा मिनिटं बसले. मग: "चंद्रपुरात सावली तरी असते."

सकाळी दहानंतर तिथे चालायला जाऊ नका. खरंच नका. माणसं मरतात.

सिॲटलहून

आम्ही आरव्ही घेतली होती, २५ फुटी, चाकांवरचं वन रूम किचन. दोन चुका केल्या.

एक: ग्लेशियर नॅशनल पार्कला १४ जूनला पोचलो. गोइंग-टू-द-सन रोड पूर्ण उघडतो जूनअखेरीस किंवा जुलैच्या मध्याला, बर्फ किती आहे त्यावर. आम्हाला पश्चिमेकडून ॲव्हलांच नावाच्या ठिकाणापर्यंतच जाता आलं. दोन: उघडा असता तरी त्यावर वरच्या भागात २१ फुटांहून लांब गाडी नेऊच देत नाहीत. १९३३ साली खुला झालेला रस्ता, कड्यात कोरलेला, समोरून दुसरी गाडी आली की आरसे वाचवायचे. भाड्यानं देणाऱ्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

संडासाची टाकी रोज कोण रिकामी करणार यावरून दोन भावांमध्ये जे झालं ते इथे लिहीत नाही. दोघंही हे वाचतात.

पोर्टलंडहून

ऑगस्टमध्ये क्रेटर लेक. ५९२ मीटर खोल, जगातलं सगळ्यात निळं पाणी म्हणतात. वणव्याच्या धुरात आम्हाला दिसलं ते राखाडी. समोरचा काठसुद्धा नाही. ऑगस्टचा बेत असेल तर एक दिवस मोकळा ठेवा आणि धुराचा नकाशा रोज सकाळी बघा, एवढंच.

फीनिक्सहून

तुम्ही युटात उतरणार आहात म्हणून घड्याळाचं सांगतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्यातलं नावाहो राष्ट्र, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश, करतं. आणि त्या नावाहोंच्या मध्ये होपी लोकांची जमीन आहे, ते करत नाहीत. पेज गावाहून मॉन्युमेंट व्हॅलीला निघालात की वाटेत एक तास गडप होतो. पेजच्या अँटिलोप कॅन्यनच्या सहली मात्र ॲरिझोनाच्या वेळेवर, जागा नावाहोंची असूनही. माझा फोन दिवसभर दोन वेळांमध्ये उड्या मारत होता आणि काका मनगटावरच्या एचएमटीकडे बोट दाखवून म्हणत होते, "हे बघ, हे पुण्यापासून चुकलेलं नाही." त्यांनी ते पुण्याच्याच वेळेवर ठेवलेलं.

आम्ही मॉन्युमेंट व्हॅलीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा शेवटची गाडी आत सोडून झाली होती. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही तिथे चालत नाही, ते नावाहोंचं स्वतःचं उद्यान आहे. त्यांची जमीन, त्यांचं तिकीट. योग्यच आहे.

शिवाय: आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलाइना शंभराहून जास्त मैल पंप नाही. ग्रीन रिव्हरला टाकी भरा, गरज नसली तरी. आईवडिलांना जाऊनही घ्यायला सांगा, नाही म्हणाले तरी.

नाशिकहून

मी वर लिहिणाऱ्या कोणाचीच आई नाही. लेकीनं हे सगळं वाचायला पाठवलं म्हणून मोबाइलवर बोटानं टाइप करते आहे, चुका पोटात घाला.

तुम्ही मुलं आम्हाला नेता, खर्च करता, कौतुक आहे. पण बेत करताना आम्हाला कोणी विचारत नाही. आम्ही १६ दिवसांत ४,१०० मैल केले. वहीत लिहिलेलं आहे, पंपाचे भावही. त्यातले निम्मे मैल मला झोपेत गेले, कारण मागच्या सीटवर मांडी घालून बसता येत नाही आणि पाय सोडून बसलं की गुडघे धरतात. दर दोन तासांनी थांबा. आम्ही 'नको, चालू दे' म्हणतो, ते ऐकू नका. चहाला दूध, पावडर, आलं तुमचं तुम्ही ठेवा, तिथल्या चहात राम नाही.

डेलिकेट आर्च या दगडी कमानीपाशी लेक आणि जावई चढून गेले. येऊन-जाऊन तीन मैल, सावलीचं नाव नाही. मी आणि हे खाली गाडीपाशी थांबलो. नंतर फोटो पाहिला, छान आहे कमान.

मला आठवतं ते मोआबचं धुलाई केंद्र. तिकडची लाल माती कपड्यातून जाता जात नाही, पांढरे सदरे सगळे भगवे झालेले. लेक नाणी टाकून देऊन फोनवर बोलायला बाहेर गेली. शेजारी एक माझ्याच वयाची बाई चादरी काढत होती, ती चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असते ती. लेकीकडे मी त्या नेहमी बोळा करून कपाटात कोंबायची. त्या बाईची घडी मात्र अगदी चौकोनी, इस्त्री केल्यासारखी. मी बघत राहिले. तिला ते कळलं. तिनं ती घडी परत मोडली, माझ्या हातात दोन कोपरे दिले आणि न बोलता दाखवलं: एका कोपऱ्यात हात घालायचा, दुसरा त्यावर उलटा चढवायचा, मग तिसरा, चौथा. माझं पहिल्यांदा चुकलं, तिनं परत उलगडलं. तिसऱ्या वेळी जमलं तेव्हा दोघी हसलो.

आता आमच्या भिशीतल्या नऊ जणींना येते ती घडी.