कॉर्डलेसवर नंबर कधी दिसतो कधी नाही, पडवीत आवाज तुटतो: फायबर लाइन, चिऱ्याचं घर

हापूसपेटी:
देवगडजवळ चिऱ्याचं कौलारू घर. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी एकामागे एक लांबण, आणि पडवीपासून पंचवीस-तीस फुटांवर गोठा. तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं, नंबर जुनाच राहिला. मोबाइलला रेंज खळ्यात उतरल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे घरातल्या दोन वयस्कर माणसांची सगळी भिस्त लँडलाइनवर. त्यांच्यासाठी कॉलर आयडीचा कॉर्डलेस आणलाय. डब्यावर २.४ गिगाहर्ट्झ आणि एफएसके/डीटीएमएफ असं लिहिलंय, हँडसेटमध्ये दोन एएए बॅटऱ्या.

जोडणी अशी: माजघरातल्या फळीवर ओएनटी (फायबर येऊन लागतो तो डबा, वायफाय त्यातच), त्याला खेटून कॉर्डलेसचा बेस. ओएनटीच्या टेल-१ पोर्टला दोन तोंडांचा सॉकेट लावलाय. एक वायर बेसला, दुसरी घरातल्या जुन्या वायरिंगला. त्यामुळे ओटीवरचा जुना फोनही वाजतो.

आता अडचणी. नंबर कधी दिसतो, कधी नुसतीच रिंग. फोनबुकात नावं भरलीत, पण मुंबईहून फोन आला की नावाऐवजी आकडेच येतात, आणि यादीतून उलट फोन लावला तर लागत नाही. मागच्या पडवीत खरखर, गोठ्यात 'नो लिंक'. लाइट गेली की सगळंच मुकं. सेट बदलून घेऊ का?

रोझेट_डबी:
सेट बदलू नका. यातलं बहुतेक काही सेटचं नाहीच.

आधी एक गोष्ट आजच बघा. खांबावरून आलेली जुनी काळी वायर रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या त्या छोट्या डबीत, अजून स्क्रूखाली धरलेली आहे का? फायबर आलं की ओएनटीची वायर सरळ रोझेटमध्ये खुपसली जाते आणि बाहेरची जोडी तशीच राहते. ती लाइन एक्स्चेंजकडून अजून जिवंत असेल तर तिच्यावर ४८ व्होल्ट डीसी असतात, रिंग आली की वर ७५ व्होल्टच्या आसपास एसी. हे उलटं ओएनटीत शिरलं तर टेल पोर्ट कामातून जातो. लाइन मेलेली असली तरी खांबापर्यंतची ती तार पावसाळ्याच्या तोंडावर वीज घरात आणायला मोकळीच. दोन्ही स्क्रू ढिले करा, बाहेरच्या तारा काढा, टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगवेगळी टेप करा. डबी उघडलीच आहे तर आत मुंग्यांचं घर आहे का तेही बघा, आपल्याकडे हमखास असतं.

आता नंबरचं. आपल्याकडची रिंग म्हणजे ट्रिंग-ट्रिंग आणि मग दोन सेकंदांची शांतता. डब्यावरची एफएसके आणि डीटीएमएफ ही नंबर पाठवायच्या दोन पद्धतींची नावं. एफएसके पद्धतीत नंबर त्या पहिल्या शांततेत येतो, सेकंदाला १२०० बिट या वेगाने, आणि शेवटी एक चेकसम, म्हणजे माहिती नीट पोचली का ते पडताळायचा आकडा, असतो. ओटीवर बसलेल्या माणसाने पहिल्याच ट्रिंगला जुना फोन उचलला की नंबर यायच्या आत रिंग संपली. कॉर्डलेसला तो मिळणार कुठून? दुसरी रिंग वाजू द्यायची, मग उचलायचं. तुमचं 'कधी दिसतो कधी नाही' निम्मं इथेच सुटावं.

उरलेलं निम्मं जुन्या वायरिंगमध्ये. लाइनवर खरखर असेल तर चेकसम जुळत नाही आणि फोन आलेली सगळी माहिती टाकून देतो. अर्धवट नंबर दाखवत नाही, काहीच दाखवत नाही. म्हणून माणसाला वाटतं की सुविधाच बंद आहे.

तपासायचं असं: टेल-१ मधून सगळं काढा आणि फक्त बेस लावा, तोही डब्यात आलेल्या वायरने. खळ्यातल्या कोपऱ्यात जाऊन मोबाइलवरून पाच वेळा फोन लावा, दर वेळी तीन रिंगा होऊ द्या. पाचही वेळा नंबर दिसला तर फोन आणि लाइन दोन्ही ठणठणीत, दोष घरातल्या तारांत. एकदाही नाही दिसला तर टेलिफोन ऑफिसात 'क्लिप' चालू आहे का असं विचारा, कॉलर आयडीला तिथे तेच नाव आहे.

तारांतला दोष कानाने सापडतो. ओटीवरचा फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि ऐका. शांत असायला हवं. चरचर, कुरकुर आली तर कुठेतरी पीळ मारून टेप गुंडाळलेला सांधा हिरवा पडलाय. तो कापा, तार अर्धा इंच मागे ताज्या तांब्यापर्यंत घ्या आणि जेली भरलेल्या कनेक्टरने जोडा. लाइनमनकडे ते छोटे दाबायचे कनेक्टर असतात. तार न सोलता आत घालायची आणि पक्कडीने टोपी दाबायची. टेपचा सांधा खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढत नाही.

डीटीएमएफ पद्धतीत नंबर पहिल्या रिंगच्या आधीच येतो, पण नुसता नंबर. तारीख-वेळ एफएसकेमध्येच येते. कॉलच्या यादीत वेळ चुकीची दिसत असेल तर फोनचं घड्याळ हाताने लावा.

पडवीवाला:
रेंजबद्दल. डब्यावरचे ५० मीटर घरात आणि ३०० मीटर मोकळ्यात हे आकडे चिऱ्याच्या घरासाठी नाहीत. चिऱ्याची भिंत नऊ इंचांहून जाड, वर मातीचा नाहीतर सिमेंटचा गिलावा. बेस माजघरात म्हणजे पडवीपर्यंत अशा दोन भिंती आडव्या. त्यात श्रावणात भिंत पाणी पिऊन बसते, ओल सिग्नल खाते. मे महिन्यात पडवीत नीट चालणारा फोन जुलैत तुटायला लागतो तो यामुळे. जागा ठरवायची तर पावसात ठरवा.

पण त्याच्याही आधी बेस ओएनटीपासून लांब न्या. २.४ गिगाहर्ट्झवर वायफायही चालतं. दोघं एका फळीवर म्हणजे एकाच खोलीत दोन टेपरेकॉर्डर. पाच-सहा फूट अंतर हवंच. बेसची लाइनची वायर लांबवता येते, आरजे-११ ची दहा मीटरची चपटी वायर बाजारात तयार मिळते. ती घ्या आणि बेस स्वयंपाकघराच्या दारावर, साधारण साडेपाच-सहा फूट उंचीवर फळी ठोकून ठेवा, असा की माजघर आणि पडवी दोन्हीकडची दारं त्याला सरळ दिसतील. दाराच्या पोकळीतून सिग्नल जातो, चिऱ्यातून कष्टाने जातो. फ्रिजवर, लोखंडी कपाटावर, टीव्हीमागे ठेवू नका. मायक्रोवेव्ह असेल तर तो चालू असताना घरघर येणारच, ती फोनची तक्रार समजू नका. आणि चुलीच्या वर तर मुळीच नको, धुराचा चिकटा चार्जिंगच्या पट्ट्यांवर बसतो.

जागा पक्की करायच्या आधी बेस नुसता स्टुलावर ठेवून बघा. हँडसेटवर डायल टोन लावून पडवीच्या टोकापर्यंत चाला, टोन जिथे तुटतो तिथे खडूने खूण करा. स्टूल दोन फूट सरकवलं की खूण कुठल्या कुठे जाते.

गोठा वेगळा प्रश्न आहे. पावसाळ्यात पडवीला पत्रा लावत असाल तर त्याच्या पलीकडे फारशी आशा नको. आणि दुसरा हँडसेट घेतला तर रेंज वाढेल हा गैरसमज काढून टाका. प्रत्येक हँडसेट थेट बेसशी बोलतो, एकमेकांचे हात धरत नाहीत.

दुसरा हँडसेट सोयीसाठी मात्र जरूर घ्या, एक आतल्या खाटेपाशी. त्याच कंपनीचा आणि तुमच्या बेसला चालणारा आहे ना ते बघून. जोडायचं असं: मेनूत रजिस्ट्रेशन निवडा, मग बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, पिन मागितला तर ०००० टाका. बहुतेक बेसना कारखान्यातून हाच पिन असतो. बटण लवकर सोडलं तर हँडसेट नुसताच वाजतो आणि जोडणी होत नाही. बरेच जण इथेच अडकतात.

शून्य_आधी:
नावाचा घोळ शून्यामुळे आहे.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी ० लावावा लागतो. येणारा नंबर मात्र बहुतेक वेळा ० शिवाय, नुसता दहा आकडी येतो. यादीतून तोच परत लावला की शून्य नसल्याने लागत नाही. तुम्ही फोनबुकात लावायच्या सोयीने ० सकट भरलं असणार, म्हणून येणाऱ्या दहा आकड्यांशी ते जुळत नाही आणि नाव येत नाही. बरेच सेट आकडा न् आकडा जुळवून बघतात, शेवटचे दहा जुळले म्हणून सोडत नाहीत.

उपाय गावठी आहे पण चालतो: एकाच माणसाच्या दोन नोंदी करा. 'सुधा' ही ० शिवाय, नुसतं नाव दिसण्यासाठी. 'सुधा लाव' ही ० सकट, फोन करण्यासाठी. नाहीतर रोजच्या तीन-चार माणसांना ० सकट स्पीड डायलवर टाका. वयस्कर माणसांना यादीत शिरण्यापेक्षा एक बटण दाबून धरणं सोपं.

मुंबईची लँडलाइन ०२२ सकट येते की २२ पासून सुरू होते ते एकदा यादीत बघा, आणि जशी येते तशीच नोंदवा. देवगडचे ०२३६४ वाले स्थानिक नंबर कोडशिवाय येतात की कोडसकट, तेही तसंच. अंदाजाने भरलं की पुन्हा तेच होणार.

आणखी एक. घरच्यांना सांगून ठेवा की १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरात, दुसऱ्या रिंगलाही उचलायची गरज नाही. कॉलर आयडीचा खरा उपयोग तोच.

हापूसपेटी:
रोझेट उघडलं. बाहेरची जोडी खरंच लावलेली होती, काढली. नुसता बेस ठेवून पाचपैकी पाच वेळा नंबर आला. म्हणजे दोष ओटीकडच्या वायरमध्ये. आता लाइट गेल्यावर काय करायचं ते सांगा. आणि फायबर असल्यावर गडगडाटात वायर काढायची गरज नाही म्हणतात, ते खरं का?

वळीव:
अर्धं खरं. काचेतून वीज येत नाही. पण चपट्या ड्रॉप केबलमध्ये काचेच्या धाग्याबरोबर ताण धरायला बऱ्याचदा पोलादी तार असते. ती घराबाहेरच हुकाला बांधून तिथेच कापलेली असली पाहिजे, आत ओएनटीपर्यंत आणायची नाही. बघून घ्या. आणि मुख्य म्हणजे झटका विजेच्या वायरिंगमधून येतो. वैशाखातला वळीव असो की परतीचा पाऊस, गडगडायला लागलं की ओएनटी आणि बेस दोघांचे अडॅप्टर सॉकेटमधून उपटा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणातली फट काही मिलिमीटरची.

लाइट जाण्याचं. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीचा आधार असायचा, तो आता गेला. ओएनटी बंद म्हणजे फोन बंद, हँडसेट पूर्ण चार्ज असला तरी. ओएनटीला बहुतेक १२ व्होल्ट लागतात, अडॅप्टरवर वाचा. त्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. ८८०० एमएएच लिहिलेला म्हणजे ३.७ व्होल्टने साधारण ३२ वॉट-तास, घट धरून २७. वायफायसकट ओएनटी ९ वॉट खात असेल तर तीन तास. वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते तेव्हा हा पुरणार नाही, घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही अडॅप्टर त्यावर घ्या.

बेसला मिनी यूपीएसचं १२ व्होल्टचं तोंड चुकूनही लावू नका. कॉर्डलेसचे बेस ५.५ किंवा ६.५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचे असतात. पिन बसते, आणि बेस जळतो.

बॅटऱ्यांचं लगे हाथ: फक्त रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट, ५५० ते ८०० एमएएच. दुकानदार घड्याळातले साधे सेल देईल, ते घालून हँडसेट चार्जिंगच्या पाळण्यावर ठेवला तर फुटून गळतात. पहिल्यांदा सात तास सलग चार्ज. दोन्ही एकदम बदला, एक जुनी एक नवी नको. वर्ष-दोन वर्षांनी बोलता बोलता फोन मान टाकायला लागला की बॅटरी गेली समजा. पण त्याआधी चार्जिंगच्या पट्ट्या बघा, हँडसेटच्या बुडाच्या आणि पाळण्यातल्या. खाऱ्या हवेने त्यांवर काळपट थर चढतो, रात्रभर ठेवूनही चार्ज होत नाही. अडॅप्टर काढून शाळेतल्या खोडरबरने चोळा, चुरा झटका, कोरड्या फडक्याने पुसा. महिन्यातून एकदा. पॉलिशपेपर नको, वरचा मुलामा निघाला की मग गंज थांबत नाही.

हापूसपेटी:
ओटीवरचा जुना फोन मग काढूनच टाकू का? वायर बदलायचीच आहे तर.

रोझेट_डबी:
काढू नका. त्याला अडॅप्टर लागत नाही, ओएनटी चालू आहे तोवर तो चालतो. बेस जळला, हँडसेट गादीखाली गेला, तरी फोन करता येतो. नवी वायर टाका, शक्यतो मधे सांधा न देता एकच तुकडा, आणि रोझेटमधून खाली येताना थोडी झोळ सोडा म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी डबीत न शिरता झोळीवरून गळेल. एका पोर्टवर एकूण तीन फोनांच्या वर जाऊ नका, रिंग मरतुकडी होते.

फक्त जुना म्हणजे किती जुना? तबकडी फिरवायचा असेल तर तो वाजेल, बोलताही येईल, पण बऱ्याच ओएनटींना पल्स डायलिंग, म्हणजे आकड्याएवढ्या टिकटिकींनी नंबर लावणं, कळत नाही, त्यामुळे त्यावरून नंबर लागणार नाही. बटणांचा असेल तर खालचा सरकता खटका टोनवर आहे ना बघा.

हापूसपेटी:
बटणांचाच आहे. खटका पल्सवर होता.