सीआयओला (कंपनीच्या आयटीप्रमुखाला) संचालक मंडळात खुर्ची हवी की नको?

सर्व्हररूम (धागाकर्ता):
माझं मत आधीच सांगतो: हवी. आमचे आयटीप्रमुख वर्षानुवर्षं सीएफओंच्या (वित्तप्रमुखांच्या) हाताखाली. बजेटच्या बैठकीत त्यांना एकच प्रश्न, "यंदा खर्च किती कमी करताय?" एकदा गो-लाइव्हची, म्हणजे नवी सिस्टिम सुरू करायची, तारीख परस्पर ठरली, आम्हाला दुसऱ्या दिवशी मेलवरून कळली. सिस्टिम पडल्यावर रात्री दोन वाजता कॉलवर मात्र तेच!

ब्रिटनची टीएसबी बँक बघा. एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली. डेटा सुखरूप गेला, पण प्लॅटफॉर्मच कोलमडला. घडी बसायला डिसेंबर उजाडला. बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला, तो वेगळाच. २०२३ मध्ये माजी सीआयओलाही स्वतःच्या खिशातून ८१,६२० पौंड भरायला लावले. दंड त्याच्या नावावर निघतो, तर निर्णयातही त्याचा आवाज हवा.

ताळेबंद:
असहमत. हा दाखला तुमच्याच विरोधात जातो. प्लॅटफॉर्म उभारणारी कंपनी त्याच समूहातली. "आमची तयारी झाली" हे तिचं म्हणणं नीट तपासून घेतलं नाही, म्हणून सीआयओला तो दंड. खुर्चीने हे कसं टळलं असतं?

उलट एक तंत्रज्ञ मंडळात बसवला की बाकीचे निर्धास्त होतात. अमेरिकेच्या एसईसीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) संचालकांतला सायबर जाणकार कोण ते जाहीर करायची अट आधी सुचवली होती. २०२३ च्या अंतिम नियमांत ती वगळली. मंडळ सायबर जोखमीवर देखरेख कशी ठेवतं, हे मात्र सांगावंच लागतं. मला हेच रास्त वाटतं. ताळेबंद वाचता येत नाही असं कुठला संचालक म्हणतो का? मग आयटीलाच ही सूट का?

पॅच_मंगळवार:
दोघंही खुर्चीवर अडकलात. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणारी अमेरिकी कंपनी, २०१७. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली फट बुजवायची सूचना मार्चमध्येच मेलने फिरली होती, पण मेलची यादीच जुनी. ज्याने पॅच लावायचा त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. तिथे सुरक्षाप्रमुख सीआयओऐवजी विधी विभागाच्या प्रमुखाला रिपोर्ट करत होता. कोण कोणाला रिपोर्ट करतो, ते आधी सुधारा.

सर्व्हररूम:
@ताळेबंद, संचालकांनी शिकावं, हे मान्य. पण ते शिकेपर्यंत तारखा ठरतच राहणार. निदान "चाचणी पूर्ण नाही, थांबा" म्हणायचा अधिकार तरी द्या, आणि तो डावलायचा असेल तर मंडळाने लेखी कारण द्यावं.

ताळेबंद:
लेखी कारणाची अट असेल तर माझा पाठिंबा. खुर्चीला अजूनही विरोधच.