पालघर ते येवला, नाशिकमार्गे: आडव्या रस्त्याने जायचंय, सल्ला हवा

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर वडिलांना घेऊन गाडीने एक चक्कर मारायची आहे. वडील एसटीत वाहक होते, आता निवृत्त. त्यांचं म्हणणं असं, की मुंबई-आग्रा हा उभा रस्ता सगळ्या जगाला पाठ आहे, पण समुद्राकडून घाट चढून त्र्यंबक, नाशिक, निफाड, येवला असा जो आडवा रस्ता जातो तो सलग कोणी बघतच नाही. जो तो आपापल्या तुकड्यापुरता जातो आणि परत येतो.

तर विचारायचं हे:

सुरुवात पालघरकडून करावी की येवल्याकडून? घाटासाठी जव्हार-मोखाडा बरा की पेठ? आणि या वाटेच्या इतिहासाचं प्रत्यक्ष बघण्यासारखं काय उरलंय? देवळं झाली आहेत सगळी. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गड आणि पायऱ्या बाद. गाडी छोटी हॅचबॅक आहे.

मोखाड्याची माहेरवाशीण

पालघरकडूनच या दादा. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. याला आता राष्ट्रीय महामार्ग १६० अ असा नंबर आहे, पण नंबर ऐकून चौपदरी रस्ता डोळ्यासमोर आणू नका. वळणं भरपूर, गावं छोटी, आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात ती हॉर्नला उठत नाहीत.

खालून वर येण्याचं कारण सांगते. विक्रमगडला हवा दमट असते, जव्हारला जरा हलकी होते, मोखाडा सोडून तोरंगण घाट चढलात की गार वारा लागतो. कोकण संपून देश कुठे सुरू झाला ते अंगाला कळतं. उलट आलात तर नुसता उतार आणि ब्रेक.

पेट्रोल जव्हारला भरून घ्या. मधे मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. अंधार पडल्यावर घाटात नको, धुकं असेल तर मुळीच नको. दिवाळीनंतर भात कापून झालेलं असतं, खळी चालू असतात, नागली कणसात असते. जेवायला जव्हारला थांबा आणि नागलीची भाकरी आधी सांगून करून घ्या. आयत्या वेळी मागितली तर पोळीच पुढे येते.

एसटीप्रेमी

काकांना नमस्कार सांगा. पेठवाल्या रस्त्याबद्दल: सावळघाट आणि कोटंबीचा घाट दोन्ही सुंदर आहेत, पण तो रस्ता तुम्हाला कपराड्यावरून गुजरातेत, पारडीच्या बाजूला नेतो. वापी-वलसाडची मालवाहतूक त्याच घाटात असते. ट्रकच्या मागे रांगत जाण्यात काकांना नवीन काय? जव्हारच घ्या.

एक सूचना. श्रावणी सोमवार आणि पौष वद्य एकादशी (निवृत्तिनाथांची यात्रा) सोडून त्र्यंबक रस्त्याला कधीही जा. यात्रेच्या आधीचे दिवस दिंड्या चालत असतात, तेव्हा तो रस्ता त्यांचा. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे त्र्यंबक ते सातपूर पट्ट्याला घड्याळ लावू नका.

नाणेवेडा

इतिहासाचा प्रश्न आला म्हणून लिहितो, जरा लांबेल.

देवळं नकोत म्हणालात ते बरंच झालं, कारण या रस्त्याचा सगळ्यात जुना कागद देवळात नाही, पांडवलेण्यात आहे. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. दानधर्माची यादी आहे म्हणून लोक पुढे सरकतात. पण नीट वाचली तर ती जवळजवळ सार्वजनिक बांधकाम खात्याची यादी आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे भडोच, मंदसोर, आपल्या नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा, इथे प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर निवारे आणि पाणपोया. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका डहाणूजवळची. पार आणि दमणगंगा दोन्ही नाशिक जिल्ह्याच्याच डोंगरात उगम पावतात. एका बाजूला बंदरं, दुसऱ्या बाजूला गोवर्धन, मधे नदी ओलांडायची सोय. हा रस्ताच आहे, फक्त त्याला नंबर नाही.

गुडघ्यांमुळे लेणी बाद होणार, वाईट वाटतं. मग हे करा: अंजनेरीच्या पायथ्याशी, त्र्यंबक रस्त्याला लागूनच, नाणी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. पायऱ्यांची कटकट नाही. निघायच्या आधी सुट्टीचा दिवस तेवढा विचारून घ्या.

अंजनेरीच का, तेही सांगतो. इथे इ.स. ७१० चे भोगशक्ती राजाचे ताम्रपट सापडले. उजाड झालेलं समगिरी नावाचं नगर पुन्हा वसवताना व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याची हकिकत त्यात आहे. पुढे शके १०६३ च्या शिलालेखात यादव राजा सेऊणचंद्र जैन मंदिराला जे दान देतो, त्यात दुकानं आहेत. आज आपण अंजनेरीला हनुमानाचा जन्म आणि ट्रेक एवढ्यापुरतं ओळखतो. पण जिथे जकात माफ करावी लागते आणि दुकानं दान देता येतात तिथे गिऱ्हाईक असणारच, आणि गिऱ्हाईक रस्त्यानेच येतं.

घाटवाट

नाणेवेडा, लेख झकास, पण सोपारा-नाशिक-पैठण ही एकच पक्की वाट होती असं कोणी समजू नये. थळघाट होता, त्र्यंबकच्या बाजूच्या लहान घाटवाटा होत्या. बैलांच्या तांड्याला काय, चारा-पाणी कुठे आहे आणि जकात कुठे कमी आहे ते बघून वाट बदलायची.

एक वाट जिंकली ती फार उशिरा. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर आली आणि कसारा-इगतपुरी हाच नाशिकचा दरवाजा झाला. जव्हार तर संस्थान, १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचं. म्हणून तो पट्टा मागे राहिला असं माझं मत.

नाणेवेडा

मान्य. आणि लष्करी वाट म्हणूनही तो पट्टा बघा. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले तेव्हा जव्हारजवळ शिरपामाळावर मुक्काम केला, जव्हारच्या राजांनी तिथे त्यांचं स्वागत केलं, असं तिथे सांगतात. शिरपामाळ गावापासून जवळ आहे, गाडी जाते. १६७० च्या दुसऱ्या स्वारीनंतर परतताना मात्र बागलाणातून आले आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली. म्हणजे जाताना एक वाट, येताना दुसरी. काकांना हे पटेल, रूट बदलणं त्यांना नवीन नाही.

कादवाकाठ

सगळे पश्चिमेतच अडकले. नाशिकच्या पुढचं कोणी सांगणार की नाही?

नांदूर नाका, शिलापूर, लाखलगाव, चांदोरी. इथून रस्ता सपाट आणि डावी-उजवीकडे द्राक्षं. चांदोरीला गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) पात्रातली जुनी देवळं पावसाळ्यात पाण्याखाली जातात, दिवाळीनंतर उघडी असतात. (देवळं नकोत हे वाचलं, पण ही पुलाजवळूनच दिसतात.) त्याच पट्ट्यात, गोदावरी-दारणा संगमावर जोगलटेंभी आहे. १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवून आपला छाप पुन्हा मारलेला. वर ज्या उषवदाताचं कौतुक झालं, त्याच्या सासऱ्याचा पैसा हा. राज्य गेलं, पैसा बाजारात तसाच फिरत राहिला. गावात बघायला काही ठेवलेलं नाही, नुसता संगम आहे. तरी मी वाकडी वाट करून जाईन.

निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव. तिथून दक्षिणेला नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला. खाणगाव थडीच्या बाजूने आत जा, पहाटे. वडिलांना मनोऱ्यावर चढवू नका, पाण्याच्या कडेने सपाट चालता येतं. नोव्हेंबरात पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात.

विंचूरला लासलगावचा फाटा. कांद्याचे ट्रॅक्टर आणि पिकअप यांचा भरवसा नाही, ते इंडिकेटर दाखवतात डावीकडचा आणि वळतात मनाला येईल तिकडे. ऊसतोड सुरू झालेली असेल तर रात्री बिनदिव्यांच्या बैलगाड्याही. उजेडात येवलं गाठा.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. फुकट नावांचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि विचारलं, "म्हणजे सवलतीचा पास तेव्हापासून आहे का?"

ठरलं असं: पहिला मुक्काम जव्हार, दुसऱ्या दिवशी अंजनेरी करून घरी झोपायला, तिसऱ्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वर आणि पुढे येवला. येवल्याच्या पुढे वेरूळपर्यंत जावं का? त्र्यंबकेश्वर ते घृष्णेश्वर असंही होईल, असं आईचं म्हणणं. तीही येतेय आता.

एसटीप्रेमी

जा की. अंदरसूल, वैजापूर, देवगाव रंगारी, वेरूळ. संभाजीनगरला जाणारी बरीच वाहनं आता सिन्नरहून समृद्धीला लागतात, त्यामुळे हा जुना रस्ता पूर्वीपेक्षा मोकळा मिळतो. पण मग येवल्यात दुपारचं जेवण आणि लगेच निघणं, रेंगाळू नका. वेरूळला मुक्काम करा, त्याच दिवशी परत येऊ नका.

येवलेकर

"रेंगाळू नका" काय? येवल्यात दोन तास तरी द्या. विंचूर चौफुलीवर गाडी वळवून मुक्तिभूमीला या. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथे. वर्धापनदिनाला प्रचंड गर्दी असते, तुम्ही दिवाळीनंतर येताय तर निवांत बघता येईल. तात्या टोपेही इथलेच.

आई येताहेत म्हणजे पैठणी होणारच. महामार्गावरच्या काचेच्या दुकानात शिरण्याआधी गावात विणकराच्या घरी माग चालताना बघा. काठ-पदराची मागची बाजू उलटून बघा. हातमागाची असेल तर मागेही नक्षी तशीच स्वच्छ दिसते. धागे लोंबत असतील तर यंत्रमागाची समजा आणि त्याच भावात मागा. आणि बेत पुढे ढकलून संक्रांतीच्या सुमारास आणू नका. आमच्याकडे तेव्हा पतंगापुढे कोणी माग चालवत नाही, आणि रस्त्यावर मांजा असतो.