शुक्रवारचा कहवा: फिंजान कोणाकडे राहिलेत?

मंदार, सोमवार रात्री 9:40
मंडळी, शुक्रवारी ओमानी पाहुणे 14 नक्की. आपले धरून 90च्या घरात जाऊ. कपाटातले फिंजान (अरबी कॉफीचे, म्हणजे कहव्याचे, छोटे कप) मोजले तर 24 निघाले, त्यात दोनांचे टवके उडालेले. बाकीचे कोणाच्या घरी असतील तर गुरुवारपर्यंत आणून द्या. तोवर रुवीतून कागदी कपांचा गठ्ठा आणून ठेवतो.

सुलभा, सोमवार रात्री 10:15
कागदी कप अजिबात नकोत. मागच्या वेळी सालेमच्या वडिलांनी तो कप हातात धरून ठेवला आणि तसाच खाली ठेवला, आठवतंय ना? 22 भरपूर झाले. सोहारच्या लग्नात मी पाहिलंय, दिवाणखाना भरलेला आणि फिंजान मोजून दहा. शेजारी पाण्याचा वाडगा. एकाचं झालं की वाडग्यात बुडवायचं, निथळायचं, पुढच्याला भरायचं.
आणि पेयांचं खातं सहा वर्षं माझ्याकडे आहे. खरेदीआधी एक फोन करायला काय हरकत होती?

श्रीकांत, सोमवार रात्री 10:22
> वाडग्यात बुडवायचं, निथळायचं, पुढच्याला भरायचं
म्हणजे सरळ उष्टं! सासूबाई नागपूरहून आल्यात, त्यांच्यासमोर हे करणार? माझं मत कागदी कपांना.

नीलिमा, मंगळवार सकाळी 7:05
कपांचं नंतर बघू. मागच्या वर्षी कहव्यात साखर कोणी घातली ते अजून कोणी कबूल केलेलं नाही. कहवा कडूच असतो, गोडाला सोबत खजूर आहेत. आधी खजूर, मग घोट. वेलची (इथली ‘हेल’) मात्र सढळ हाताने, आणि गुलाबपाणी थेंबभरच. गेल्या खेपेला अत्तराचा फाया चघळल्यासारखं झालं होतं.

देशपांडे काका, मंगळवार सकाळी 8:30
श्रीकांत, 1991 साली मी निझवाला एका सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. त्याचा धाकटा भाऊ डाव्या हातात दल्ला (कहव्याची चोचदार किटली), उजव्यात फिंजान घेऊन उभा. पाव कपच भरायचा. मी प्यायलो, त्याने भरला. परत प्यायलो, परत भरला. मला वाटलं, यजमानाला नको कसं म्हणायचं? नऊ झाले! रात्रभर छताकडे बघत पडलो होतो. दुसऱ्या दिवशी सहकारी हसून म्हणाला, पुरे झालं की फिंजान परत देताना नुसतं हलवायचं. आपण पानावर आडवा हात धरतो, तेच. तीनच्या वर सहसा कोणी घेत नाही. आता, कागदी कप हलवला तर वाढणाऱ्याला काय कळणार? आणि पाव भरायचा म्हटलं तर त्या कपात तळ तेवढा ओला होईल.
2015 साली अमिराती, सौदी, ओमान, कतार अशा चौघांनी मिळून हा कहवा युनेस्कोच्या यादीत नेला, तो काही कॅफीनसाठी नव्हे.

अविनाश, मंगळवार सकाळी 9:10
काका, नऊ!! 😄
हलवा बरकाहून आणतोय, 4 किलो. फ्रीज लागत नाही, तेव्हा जागेवरून भांडण नको. माहीमच्या हलव्यासारखाच असतो ना, मग सुरीने वड्या पाडून ठेवू का?

नीलिमा, मंगळवार सकाळी 9:18
माहीमचा कागदासारखा पातळ, हा चिकट गोळा. स्टार्च, साखर, तूप, केशर तासन्‌तास घोटून केलेला. वड्या कसल्या पाडता? वाडगा मध्ये ठेवायचा, उजव्या हाताने चिमूट घ्यायची.

श्रीकांत, मंगळवार सकाळी 9:25
सगळ्यांनी एकाच वाडग्यात हात घालायचा?

सुलभा, मंगळवार दुपारी 1:50
श्रीकांत, पंगतीत एकाच वाढप्याचा डाव शंभर पानांवरून फिरतो, तेव्हा विचारतोस का? असो. पाहुण्यांना आणि ज्यांना चालेल त्यांना फिंजान. वाडग्यातलं पाणी दर दहा मिनिटांनी बदलू, ते काम माझं. बाकीच्यांना कागदी कप, पण ते दुसऱ्या टेबलावर, पाहुण्यांच्या नजरेआड. ओतायला केदार आणि सई. दोघांनाही गुरुवारी घरी पाठवा, साध्या पाण्यावर सराव करून घेते. केदार डावखुरा आहे, म्हणजे दल्ला त्याच्या हातात आपोआप बरोबर बसेल. सालेमचे वडील वयाने मोठे, पहिलं फिंजान त्यांना, अध्यक्षांना नव्हे.

मंदार, मंगळवार दुपारी 2:05
चालेल. कप 100च आणतो. ताई, फोन न केल्याबद्दल सॉरी. साखर माझ्याकडून पडली होती, तेही आता सांगून टाकतो.

वर्षा, मंगळवार रात्री 11:30
सगळ्या मेल आत्ता वाचल्या. 4 फिंजान आमच्याकडे सापडलेत. मुलीने त्यात रांगोळीचे रंग भरून ठेवले होते. निळा काही केल्या जात नाहीये.