कॉलम ओव्हन म्हणजे चोचले?

कुपवाडकर:
नवीन लोकांसाठी: एचपीएलसी मशीनमध्ये पंप द्रावक कॉलममधून, म्हणजे बारीक पावडर भरलेल्या नळीतून ढकलतो; प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर येतो, त्याचा ग्राफवरचा उंचवटा म्हणजे पीक, आणि कॉलमचं तापमान एकसारखं ठेवतो तो ओव्हन. काल इथे एकाने लिहिलं, ‘कॉलम ओव्हन हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. पीक सरकला तर पंप बघा.’ माझा जीव जळला. सांगलीत मी हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, ओव्हनशिवाय मोजलंय. जानेवारीत सकाळी पीक उशिरा, दुपारी पत्रा तापला की लवकर. एका अंशाला रिटेन्शन, म्हणजे पीक यायची वेळ, एक-दोन टक्के हलतं. एकदा थंडीत हळदीतल्या तीन कर्क्युमिनॉइडांतला शेवटचा, म्हणजे कर्क्युमिनचाच पीक विंडोबाहेर, म्हणजे मोजायला ठरवलेल्या वेळेबाहेर गेला आणि रिपोर्ट कमी लागला. तो शेतकरी पोती तशीच यार्डात ठेवून दोन दिवस आमच्या दारात बसून होता.

वाईकर:
काल लिहिणारा मीच. तुमचं प्रेशरही हललं असणार. मग पंपच.

कुपवाडकर:
हलणारच! पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) २५ अंशांना ०.८९ सेंटिपॉइज, ४० ला ०.६५. फ्लो तोच ठेवला तरी प्रेशर पाव हिश्शाहून जास्त उतरतं. तुमच्यासारख्यांचं ऐकून मी पंपाचे सील बदलले, चेक व्हॉल्व्ह (द्रावक उलटा येऊ न देणारे) सोनिकेट केले, म्हणजे अल्ट्रासाउंडने धुतले. आठवडा गेला.

मिरजेचा जुना माणूस:
द्रावक म्हणून ॲसिटोनायट्राइल सोडा, मेथॅनॉल वापरा. २००८-०९ च्या टंचाईत एका बाटलीसाठी आम्ही हातापाया पडलोय.

वाईकर:
मेथॅनॉल-पाणी निम्मंनिम्मं केलं की व्हिस्कॉसिटी पाण्याच्या पावणेदोन पट. कॉलमवर प्रेशर किती येतं पाहिलंय?

मिरजेचा जुना माणूस:
पाहिलंय, वीस वर्षं! पाण्यात मिसळल्यावर बाटली गरम होते, ती निवू द्या, डिगॅस करा, म्हणजे विरघळलेली हवा काढा. ॲसिटोनायट्राइलची उलट गार पडते. घाईने मशीनला लावायची आणि बुडबुडे आले की पंपाला शिव्या घालायच्या.

कुपवाडकर:
काका, मुद्दा ओव्हनचा होता.

वाईकर:
मग ओव्हनचंच घ्या, पण आधी पंप. ४०० बार प्रेशरला मेथॅनॉल सुमारे चार टक्के दबतं. पंपाच्या सेटिंगमध्ये कॉम्प्रेसिबिलिटी (द्रव किती दबतो) पाण्याचीच ठेवली तर फ्लो कमी पडतो आणि पीक उशिराच येतो. हे तपासलं होतं? आणि हजार बारला अर्धा मिली फ्लो म्हणजे घर्षणाने ०.८ वॉट उष्णता. ओव्हन ४० अंश दाखवतो, कॉलमच्या आत ४० नसतात.

कुपवाडकर:
सेटिंग तपासलं नव्हतं, मान्य. पण आमचं मशीन दीडशे बारच्या वर जात नाही, आणि सेटिंग चुकलं असतं तर पीक दुपारीही उशिराच आला असता. तो दुपारी लवकर यायचा.

वाईकर:
बरं, दुपारचं तुमचं खरं. ‘चोचले’ मागे घेतो. पंपाचं नाही घेत.