कापड घडताना ऐकलेलं गाणं: तुमचे अनुभव

संग्रहालयात काचेआड टांगलेलं वस्त्र सुंदर दिसतं, पण मुकं असतं. ते विणताना, रंगवताना, अंगावर घालून नाचताना कुठले सूर वाजत होते ते तिथे कळत नाही. कापड आणि संगीत बऱ्याच ठिकाणी एकाच माणसांनी, एकाच लयीत सांभाळलेलं आहे, असं माझं ठाम मत झालंय. जगात कुठेही असं काही पाहिलं-ऐकलं असेल तर लिहा. खरेदीपेक्षा ते कसं घडताना पाहिलं हे सविस्तर येऊ द्या. सुरुवात मी करते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत. हॅरिस ट्वीड तिथलं. १९९३च्या ब्रिटिश कायद्यानुसार हे नाव लावायचं तर लोकर याच बेटांवर रंगवून कातलेली हवी आणि कापड विणकराने आपल्या घरी हातमागावर विणलेलं हवं. मी गेले ते माग बघायला, पण मनात घर केलं 'वॉकिंग साँग्ज'नी, म्हणजे कापड आपटण्याच्या गाण्यांनी. मागावरून उतरलेलं ट्वीड सैल असतं. ते आटून घट्ट व्हावं म्हणून पूर्वी बायका लांब फळीभोवती बसून ओलं कापड आपटत, चोळत आणि शेजारणीकडे सरकवत. भिजवायला साठवून ठेवलेलं मूत्र वापरत, कारण त्यातल्या अमोनियाने लोकरीतलं तेल निघतं. तो वास आणि ते कष्ट सोसायचे तर गाणं हवंच! एक जण गेलिक भाषेत ओळ म्हणते, बाकीच्या ध्रुवपद उचलून धरतात. ध्रुवपदात बरीचशी अक्षरं निरर्थक असतात, पण सगळा ताल त्यांच्यावरच उभा असतो. आज हे काम गिरणीतली यंत्रं करतात. गाणी मात्र तिथल्या बायकांनी सोडलेली नाहीत. एका प्रात्यक्षिकात त्यांनी मला फळीशी बसवून घेतलं. दोन-तीन कडवी होईस्तोवर हात आपोआप ठेक्यावर पडायला लागले. नुसतं कानांनी ऐकून या गाण्याचा अर्धाच भाग कळतो, कारण कापडाचं आपटणं हेच त्यातलं तालवाद्य आहे.

*

माझा अनुभव जावा बेटावरच्या योग्याकार्ताचा. सकाळी बातिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याची कला, आणि संध्याकाळी गामेलान, म्हणजे गाँग आणि धातूच्या पट्ट्यांचा तिथला वाद्यवृंद, असा माझा क्रम असायचा. बातिक शिकवणाऱ्या आजी चांतिंगने मेण लावायच्या. चांतिंग म्हणजे बारीक तोटीची तांब्याची इवलीशी वाटी, तिला लाकडी दांडी. वितळलेलं मेण फार गरम असेल तर पसरतं, निवलं तर तोटीतच अडतं, म्हणून दर थोड्या वेळाने त्या तोटीवर फुंकर घालायच्या. बोलणं चालू, हात चालू, रेघ कुठे जाड होत नाही. तिरक्या पट्ट्यांचं परांग नक्षीकाम त्यांच्या खास प्रेमाचं. एके काळी ते राजघराण्याबाहेर कोणी वापरायचं नाही असा दंडक होता.

गामेलानच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि वाद्य ओलांडून कधीच जायचं नाही, अगदी छोटंसं असलं तरी. मला सर्वांत विलक्षण वाटलं ते सुरांचं. पाच स्वरांचं स्लेंद्रो आणि सात स्वरांचं पेलोग अशा दोन स्वररचना आहेत, पण प्रत्येक संच घडवताना स्वतःपुरताच जुळवलेला असतो. एका संचातलं वाद्य दुसऱ्यात नेलं तर बेसूर लागतं. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार द्यबुसीने जावाचं वादन ऐकलं आणि तो भारावून गेला, हे पूर्वी वाचलं होतं. मोठ्या गाँगचा घुमारा पायांखालच्या फरशीतून जाणवला तेव्हा ते पटलं.

*

माझं थोडक्यात. एस्टोनियाच्या किह्नू बेटावर बायका आजही हाताने विणलेले पट्ट्यांचे लोकरी स्कर्ट रोज घालतात. आनंदाच्या दिवसांत लाल जास्त, घरात दुःख झालं की काळा, आणि मग हळूहळू लाल परत येतो. लग्नातली फार जुनी गाणीही याच बायका म्हणतात. असा स्कर्ट घातलेल्या एक काकू साइडकारच्या मोटारसायकलवरून भर्रकन निघून गेल्या. परंपरा इतकी रुबाबदार मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

*

घानातलं कुमासीजवळचं बोनविरे हे केंटे नावाचं पट्ट्यांचं कापड विणणाऱ्यांचं गाव. विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरून ताण्याचे धागे वर-खाली करतो. पट्टी जेमतेम चार इंच रुंद, आणि अशा कित्येक पट्ट्या कडेला कड शिवून मोठं वस्त्र होतं. पट्टीवर सलग विणलेले चौकोन शिवताना असे जुळतात की अख्ख्या कापडावर बुद्धिबळासारखा पट उमटतो. ही मोजणी विणकराच्या डोक्यात असते, कागदावर काही नाही. तिथेच अतुम्पान ढोलांची जोडी ऐकली. एक उंच सुराचा, एक खालच्या. त्वी भाषेत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो, म्हणून ढोलावर वाक्यं बोलता येतात. मी ऐकत होतो तो ठेका, शेजारचे लोक ऐकत होते मजकूर.

*

वरचं वाचून पेरूमधलं ताकिले आठवलं. तितिकाका सरोवरातल्या या बेटावर पुरुष चालता-चालता टोप्या विणतात. लग्न झालेल्यांची टोपी पूर्ण लाल, अविवाहितांची वरून पांढरी. मुलगे लहानपणीच सुया हातात घेतात. बायका कमरपट्टे विणतात आणि शेतीच्या वर्षाची चित्रं त्यांत घालतात. त्या परिसरातलं सिकू नावाचं नळ्यांचं वाद्य ऐकलं की आधी वाटतं, एकच जण वाजवतोय. प्रत्यक्षात त्याचे स्वर इरा आणि आर्का अशा दोन भागांत वाटलेले असतात. एका वादकाकडे अर्धे, दुसऱ्याकडे उरलेले. आलटून-पालटून फुंकलं तरच धून पुरी होते, नुसत्या एका भागावर ती वाजवताच येत नाही. सरोवराची उंची सुमारे ३,८०० मीटर, मला तर साधं चालतानाही धाप लागत होती, आणि हे लोक नाचत वाजवत होते.

पुरुषांनी हाताने टोप्या विणण्याची अशी रीत आणखी कुठे पाहिली आहे का कुणी? असेल तर जरूर लिहा.