पेपरातली तीन चौकटींची पट्टी मोबाइलवर कशी न्यावी?

रेघ, लातूर: इथल्या एका दैनिकात रोज व्यंगपट्टी येते. तीन चौकटी, 16 सेंमी रुंद. ई-पेपरवर अक्षरं लागतच नाहीत. तीच फाइल फेसबुकवर टाकावी का?

बोरू, नांदेड: तीच नका टाकू. हिशोब बघा: 16 सेंमीची पट्टी मोबाइलच्या 7 सेंमीत बसवली की 9 पॉइंटचं अक्षर 4 पॉइंटचंही उरत नाही. आधी अनुस्वार आणि रफार बुजतात. 'मांडी'ची 'माडी' झाली की विनोद मेलाच! चौकटी सुट्या करून 1080 पिक्सेल रुंदीत एकाखाली एक लावा. संवादाचे फुगे वेगळ्या लेअरवर (चित्रावरच्या सुट्या थरावर) ठेवा, म्हणजे अक्षर वाढवताना चित्र खोडावं लागत नाही.

शाई, बीड: छपाईची फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) असते, ती आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) करा, नाहीतर काही फोनवर रंग भलतेच दिसतात. काळ्या रेघांना पीएनजी ही फाइलच बरी. जेपीजीत रेघेभोवती धूळ बसल्यागत ठिपके येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे चित्राचा दर्जा उतरत नाही.

बोरू, नांदेड: कागदावर नजर तिसऱ्या चौकटीवर आधीच जाते, मोबाइलवर ती खाली दडते. फायदाच आहे, शेवटचा विनोद आधी फुटत नाही. तिच्या आधी 300 पिक्सेल मोकळे सोडा.

रेघ, लातूर: संवाद श्रीलिपीत (छपाईच्या जुन्या मराठी फॉन्टात) आहेत, त्याचं काय?

शाई, बीड: युनिकोडमध्ये (मोबाइल-इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत) बदला, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथंच घोळ घालतो. तोच मजकूर चित्राखालीही टाका, शोधणाऱ्याला सापडतो.